झाड वाढूनही नाही राहिलं, मरूनही नाही राहिलं

यंदा मार्चपासून जे प्रश्न आले त्यातले अर्ध्याच्या वर एकाच गोत्राचे निघाले. घरात ठेवलेलं जाड पानांचं झाड, म्हणजे जेड, स्नेक प्लांट, झीझी, हावर्थिया, अन् तक्रार सगळ्यांची हीच की वाढत नाही, काय झालं त्याला. म्हणून या अंकात फक्त हीच झाडं घेतली. वांगी-टमाट्याच्या बोकड्या (पानं आकसायचा) रोगाचं विचारणाऱ्यांनी आणि लिंबाची फुलगळ विचारणाऱ्यांनी रागावू नये, तुमचा नंबर पुढच्या वेळी.

प्रश्न : दिवाळीत लेकीनं नागपूरहून जेडचं झाड आणून दिलं. हॉलमध्ये कुलरच्या बाजूला स्टुलावर ठेवलं आहे. गुढीपाडव्यापासून ऊन वाढलं म्हणून रोज सकाळी अर्धा गिलास पाणी घालते. आता पानं सुरकुतली, हात लावला की गळतात. पाणी वाढवू का? का युरिया टाकू थोडासा?
(आर्वी तालुका, जि. वर्धा)

ताई, दोन्ही नको. आज पाणी घातलं असेल तर तेच सध्या शेवटचं समजा. जरा लांबण लावून सांगतो कारण तुमच्या एका प्रश्नात बाकी आठ-दहा जणांची उत्तरं येऊन जातात.

आपल्याकडे एप्रिल-मे लागला की माणूस, ढोर, झाड सगळ्यांनाच तहान, हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे अन् तुळशीला, मोगऱ्याला, आंब्याच्या नव्या कलमाला ते बरोबरही आहे. जेडचं गणित उलटं. हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिका अन् मोझांबिककडचं. बाकीची झाडं पानाची बारीक छिद्रं दिवसा उघडी ठेवतात, हवा आत घेतात आणि त्याच वाटेनं पाणी उडून जाते. जेड दिवसा छिद्रं बंद ठेवते अन् रात्री उघडते, रात्री कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, त्याचं आम्ल करून पानात साठवायचं, दुसऱ्या दिवशी दारं लावून घेऊन उजेडात त्याच साठ्याचं अन्न करायचं. पाणी वाचते, पण कारभार हळू चालते, म्हणून वाढही हळू. दोनशे वर्षांपूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास इलाख्यात बेंजामिन हेन नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ होता, त्यानं आपल्या अंगणात असते त्याच पानफुटीची पानं चाखून पाहिली, सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी जराशी कडवट. १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीनं ते छापलं. रात्रभर साठलेलं आम्ल दिवसभरात खर्च होते म्हणून चव बदलते, पानफुटीचं अन् जेडचं कुळ एकच आहे. (जेडचं पान मात्र कोणी चाखायला जाऊ नका, पोटाला बाधते.)

आता यात अडचण अशी की ह्या सगळ्या कारभाराला रात्र थंड लागते. आपल्याकडे मे महिन्यात रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर भिंत गरम, पारा तिशीच्या खाली यायला मागत नाही, नवतपात (मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) तर बोलायचंच काम नाही. अशा रात्री जेड छिद्रं नीट उघडत नाही, वाढ थांबवते, मुळंही पाणी ओढायचं बरंच कमी करतात. झाड झोपलं अन् तुम्ही त्याला रोज उठवून अर्धा गिलास पाजून राहिल्या. ते पाणी जाणार कुठे, कुंडीतच बसते, अन् गरम ओल्या मातीत मुळं सडायला किती वेळ लागते. त्यात कुलर. कुलरच्या ओल्या हवेत माती वाळत नाही, आणि ऊन येऊ नये म्हणून आपण दिवसभर पडदे ओढून ठेवतो, म्हणजे उजेडही नाही.

सुरकुतलेल्या पानाची एक मोठी फसवणूक आहे ती नीट समजून घ्या. पान दोन कारणानं सुरकुतते. एक तर कुंडीत पाणी नाही. किंवा कुंडीत पाणी आहे पण ते ओढायला मूळच शिल्लक नाही. वरून दोन्ही सारखंच दिसते, अन् दुसऱ्यात आपण पाणी वाढवतो आणि झाड संपते. ओळखायचं सोपं आहे, जळून उरलेली उदबत्तीची काडी घ्या, कुंडीत बुडापर्यंत खुपसा, दहा मिनिटं राहू द्या, बाहेर काढून पाहा. काडी कोरडी निघाली अन् पान सुरकुतलं तर तहान. काडीला ओली माती चिकटून आली अन् पान सुरकुतलं, पिवळं पडलं, बोटात दाबलं तर आतून पचपचीत, तर मूळ गेलं. तुमच्या वर्णनावरून तुमचं दुसरं आहे.

उपाय आहे, घाबरू नका. झाड कुंडीतून सरळ बाहेर काढा, माती झटका. काळी, मऊ, वास येणारी मुळं कैचीनं कापून टाका, खोडाचा बुडखा दाबून पाहा, तो मऊ असेल तर टणक पांढरं-हिरवट लाकूड लागेपर्यंत कापत वर जा. मग ते झाड पेपरवर, सावलीत, वारा लागेल अशा जागी आठवडाभर उघडं पडू द्या. हो, माती नाही, पाणी नाही, तसंच. पानात त्याचा साठा आहे, मरत नाही. कापलेला भाग वाळून खपली धरली की कोरड्या मातीत लावा अन् त्यानंतरही आठ दिवस पाणी देऊ नका. कोणी हळद लावतात, कोणी दालचिनी, लावा वाटलं तर, पण काम वाळवण्यानं होते.

जागा बदला. पूर्वेची खिडकी असेल तर सगळ्यात बेस, सकाळचं कोवळं ऊन पडते तिथं. नाही तर ओसरी किंवा छपरीत आतल्या बाजूला. टिनाच्या भिंतीला, टिनाच्या छपराखाली लागून नको, ते दुपारी तव्यासारखं तापते. कुलरचा झोत अंगावर नको. उन्हाळ्यात पाणी कधी, तर काडी बुडापर्यंत कोरडी निघाल्यावर अजून तीन-चार दिवस जाऊ द्यायचे, मग संध्याकाळी एकदाच खालून वाहेपर्यंत घालायचं, ताटलीत साचलेलं फेकून द्यायचं. रोज चमचा-चमचा नको. खरी वाढ होते ऑक्टोबर ते फेब्रुवारी, रात्री गार असतात तेव्हा. त्या दिवसात माती वाळली की लगेच पाणी चालते, महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात एक ग्रॅम १९:१९:१९ हे विरघळणारं खत चालते, ते तर अर्ध्या घरांत फवारणीच्या सामानात पडलेलंच असते. युरिया कधीच नाही, त्यानं लांबट लिबलिबीत फांदी सुटते अन् आपल्याच भारानं वाकते.

प्रश्न : शेतातली काळी कसदार माती आणि शेणखत भरून स्नेक प्लांट लावला. त्या मातीत कापूस तर छातीएवढा होतो, मग हा का होत नाही?
(दारव्हा, जि. यवतमाळ)

कापसाला होते म्हणूनच याला होत नाही भाऊ. काळी माती ओली झाली की फुगते अन् वाळली की आकसते, शेतात मे महिन्यात भेगा पडतात त्यात हात जाते ते आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. त्या मातीतली चिकण बारीक कणांची असते, पाणी धरून ठेवते, कापसाच्या खोल जाणाऱ्या मुळाला तेच पाहिजे. कुंडीत काय होते, आठ-आठ दिवस चिखल राहते. अन् एकदा का खडखडीत वाळली तर आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, मग वरून घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जाते, आपल्याला वाटते बुडातून पाणी आलं म्हणजे भिजलं, मधला गोळा कोरडाच. म्हणजे एकाच कुंडीत सडणंही आहे आणि उपाशी मरणंही.

मुरूम आपल्याकडे कुठं नाही? रस्त्याच्या कामाचा पडलेला असते, घर बांधताना भरतीत टाकतात. तो चाळायचा, पीठ पडते ते फेकून द्यायचं, तुरीच्या दाण्यापासून बोराच्या बियाएवढे खडे ठेवायचे. असा मुरूम नाही तर फुटक्या विटांचा चुरा नाही तर जाडी रेती (प्लास्टरची बारीक रेती नको, ती गच्च बसते), यातलं जे मिळेल ते दोन घमेले, बरड जमिनीची हलकी माती एक घमेलं, चांगलं कुजलेलं शेणखत अर्धं घमेलं. शेणखत म्हणजे काळं भुसभुशीत, वास न येणारं, उकिरड्यावरचं अर्धकच्चं आणलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) घरात येते. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीवाल्यांकडे धानाचा कोंडा फुकट असते, तो अर्धवट जाळून काळा करून मिसळला तर माती आणखी मोकळी राहते. चुलीची पांढरी राख मात्र ढिगानं टाकू नका, आपली माती अन् पाणी दोन्ही आधीच खारवट-चुनखडीकडचं, त्यात राख म्हणजे अजून भर.

तळाशी गोट्याचा थर देण्याची एक पद्धत आहे, बहुतेक जण सांगतात. त्याचा फायदा नाही. पाणी बारीक मातीतून जाड गोट्यात सहज उतरत नाही, ते थराच्या वरच्या मातीतच अडकून राहते, उलट मुळाला ओल अजून जवळ आली. छिद्रावर एक खापराचा तुकडा ठेवा, बाकी वरपासून खालपर्यंत एकच मोकळी माती. कुंडी कुंभाराकडची, भाजलेली, न रंगवलेली. ऑइल पेंट दिलेल्या कुंडीचा श्वास बंद होते, दिसायला छान पण ते छानपण कुंडीबाहेरच्यांसाठी आहे.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी खारं आहे. जेडच्या पानांवर पांढरे ठिपके, कडा तपकिरी, कुंडीवर मिठासारखं फुलून आलं आहे. कुलरच्या टाकीतलं पाणी जुनं झालं की तेही झाडांनाच घालतो, वाया का घालवायचं.
(दर्यापूर, जि. अमरावती)

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या त्या पट्ट्यातल्या लोकांना खाऱ्या पाण्याबद्दल मी काय सांगावं, तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या भोगून राहिले. पण कुलरचं सांगतो. टाकीतलं पाणी उडते, क्षार उडत नाही. म्हणजे आठ दिवस कुलर चालला, तुम्ही वरून पाणी भरत गेले, तर टाकीत उरलेलं पाणी बोअरच्या पाण्याहून कितीतरी खारं. खसच्या नाही तर लाकडी भुश्याच्या जाळीवर पांढरा थर चढते तो हाच. ते पाणी मोरीत जाऊ द्या, झाडाला नको. आरओचं जे पाणी फेकलं जाते तेही नको, त्यात पण गाळून काढलेले क्षारच असतात. एसी असेल कोणाकडे तर त्याच्या नळीतून थेंब-थेंब पडते ते पाणी मात्र चालते, ते हवेतलं पाणी आहे, त्यात क्षार नसतात.

तुमच्यासाठी खरा उपाय पावसाचं पाणी. ही झाडं पितात किती, एका मध्यम कुंडीला उन्हाळ्यात महिन्याला फार तर दोन लिटर पाणी. पन्हाळीखाली पहिले दोन-तीन पाऊस सोडून (टिनावरची धूळ-विष्ठा वाहून जाऊ द्या) दोन ड्रम भरून ठेवले, वरून कापडानं घट्ट बांधले की मच्छर होत नाहीत, एवढ्यात पाच-सात कुंड्यांचं वर्ष निघते. आता सध्या काय, तर कुंडीवरचा पांढरा थर कोरड्या ब्रशनं खरवडा, मातीचा वरचा बोटभर थर काढून नवा घाला, आणि यंदाच्या पहिल्या जोरदार पावसात कुंडी एकदा बाहेर ठेवून खालून भरपूर पाणी वाहू द्या, साठलेले क्षार धुऊन जातात. मग उचलून आत. पानावरचे ठिपके ओल्या मऊ फडक्यानं पुसा, तपकिरी झालेली कड परत हिरवी होत नाही, नवी पानं चांगली येतील.

प्रश्न : जेड बकरीनं अर्धं खाल्लं. बकरीला काही होईल का? झाडाचं काय?
(सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

पत्रासोबत फोटो होता म्हणून बरं झालं. आपल्याकडे नर्सरीत जेड म्हणून दोन वेगळी झाडं विकतात. एकाची पानं मोठी, अंगठ्याच्या पेरापेक्षा लांब, जाड, चकचकीत, कधी कडेनं लालसर, खोड जाडजूड हिरवट-करडं, ते खरं जेड. दुसऱ्याची पानं बारीक गोल, नखाएवढी, फांद्या लालसर-तपकिरी अन् लवचिक, ते पोर्टुलाकेरिया. बाजारात मिळते ते बहुतेक हेच दुसरं, अन् तुमचंही हेच.

बकरीला काही होत नाही. दक्षिण आफ्रिकेत हे झाड हत्ती खातात, ढोरंबकऱ्या खातात, माणसंही आंबट म्हणून पानं तोंडात टाकतात. तिथल्या पूर्व केप भागात लोकरीसाठी पाळलेल्या अंगोरा बकऱ्यांनी या झाडाची मोठमोठी जंगलं चरून उघडी-बोडकी करून टाकली. हत्ती वरून खातात अन् खाताना फांद्या मोडून पाडतात, त्या फांद्या जिथं पडल्या तिथं मूळ धरतात, बकरी खालून खाते अन् काही शिल्लक ठेवत नाही. तेव्हा तुमच्या बकरीनं जे सांडवलं असेल ते गोळा करा, चार दिवस सावलीत वाळवा, मुरुमाच्या मातीत खोचा. बुडखा शाबूत आहे, फुटेल. खरं मोठ्या पानाचं जेड, स्नेक प्लांट अन् झीझी ही तिन्ही मात्र जनावराच्या, मांजर-कुत्र्याच्या पोटाला बाधतात, ती उंचावर.

अन् ही दोन झाडं ओळखायला शिका, कारण बारीक पानाच्याला ऊन जास्त सोसते, पाणीही थोडं जास्त लागते, घरात अंधारात ठेवलं तर महिन्या-दोन महिन्यांत पानं टाकते. वर आर्वीच्या ताईंना सांगितलेलं मोठ्या पानाच्याला आहे.

प्रश्न : शाळेत पोरांना प्रयोग म्हणून झीझीची पानं मातीत खोचली आणि पिवळ्या कडेच्या स्नेक प्लांटच्या पानाचे तुकडे लावले. पाच महिने झाले. झीझी जशीच्या तशी, कोंब नाही. स्नेक प्लांटला कोंब आला पण तो साधा हिरवा, पिवळी कड गायब. पोरं विचारतात गुरुजी काय चुकलं.
(आमगाव, जि. गोंदिया)

काहीच चुकलं नाही गुरुजी, उलट दोन्ही प्रयोग जमले. झीझी आधी कोंब काढत नाही, आधी जमिनीखाली गाठ तयार करते, पाण्याची अन् अन्नाची कोठी, ती भरल्यावर वरचा कोंब. कधी कधी वर्ष लागते. पोरांना दाखवायचं असेल तर एका पानाच्या बुडाची माती बोटानं हलकेच बाजूला करा, हरभऱ्याएवढी पांढुरकी गाठ दिसेल. दिसली की परत झाका. पोरांपैकी कोणी रोज उकरून पाहत नाही ना एवढंच पाहा, तो मोह फार असते.

स्नेक प्लांटची पिवळी कड वेगळ्याच कारणानं गेली. त्या जातीत एकाच पानात दोन प्रकारच्या पेशी शेजारी-शेजारी नांदत असतात, कडेच्या पिवळ्या वेगळ्या अन् मधल्या हिरव्या वेगळ्या. पानाच्या तुकड्यातून नवं झाड फुटते ते आतल्या हिरव्या पेशींतून, म्हणून हिरवं. पिवळी कड पाहिजे तर कुंडीतलं बेट उकलून मुळासकट पिल्लू वेगळं करून लावा. अन् तुकडे लावताना पानाची खालची बाजू खालीच राहिली पाहिजे, उलटं खोचलं की मूळ येत नाही, पोरं बऱ्याचदा इथं घोटाळा करतात. खुणेला खालच्या टोकाला तिरपा छेद द्या.

प्रश्न : जेडच्या पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं झालं, मुंग्याही लागल्या. हे म्हणतात पऱ्हाटीसाठी (कापसासाठी) आणलेल्या औषधातलं उरलं आहे, तेच झाकणभर पाण्यात मारून देतो.
(केळापूर तालुका, जि. यवतमाळ)

वहिनी, त्यांना सांगा ती बाटली हात लावू नका. घरात, जिथं लेकरं झोपतात तिथं शेतातलं कीटकनाशक मारायचं नाही, एका कुंडीसाठी तर मुळीच नाही. २०१७ चा फवारणीचा हंगाम आपल्या जिल्ह्यानं पाहिला आहे, उघड्या शेतात मोकळ्या हवेत विषबाधा होऊन माणसं गेली. बंद खोलीत तो वास कुठं जाणार?

हा पिठ्या ढेकूण, पऱ्हाटीवाल्याला ओळख करून द्यायची गरज नाही. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात अन् त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊन ठेवतात. कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा. मेडिकलमधून स्पिरिट आणा, कान साफ करायची काडी त्यात बुडवून एकेका पांढऱ्या पुंजक्याला लावा, तो तपकिरी होऊन मरते. कंटाळवाणं काम आहे, टीव्ही पाहत करा, पण गॅस-उदबत्ती बाजूला नको, स्पिरिट पेट घेते. आठवड्यानं परत तेच, कारण अंड्यांतून नवे निघतात, असं तीन-चार वेळा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली निमतेल अन् दोन थेंब भांड्याचा साबण, संध्याकाळी, ऊन लागणार नाही तेव्हा. एवढं करूनही परत परत येत असेल तर झाड कुंडीतून काढून मुळं पाहा, तिथंही पांढरं पीठ दिसलं तर मुळावरचा ढेकूण आहे, मुळं धुऊन, वाळवून, नव्या मातीत.

जाता जाता एक, याच ढेकणाच्या नात्यातला एक किडा १७९५ मध्ये ब्राझीलहून भारतात आणला होता, लाल रंग मिळेल म्हणून. रंगाचा खरा किडा दुसराच निघाला, ह्यानं रंग काही चांगला दिला नाही पण नागफणीचं माजलेलं रान मात्र खाऊन साफ केलं. तेव्हा असलं रसाळ झाड ह्या किड्यांना किती आवडते ते समजून घ्या, अन् दर आठ दिवसांनी बेचक्यात नजर टाकत जा.

प्रश्न : स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन सोडते, हवा शुद्ध करते, नासानं सांगितलं असं मोबाइलवर येते. झोपायच्या खोलीत किती ठेवावे? आणि वास्तूप्रमाणे कोणत्या दिशेला?
(उमरेड, जि. नागपूर)

जेडसारखीच याचीही छिद्रं रात्री उघडतात ती कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला, ऑक्सिजन उजेडात तयार होते, अंधारात नाही. नासाचा अभ्यास झाला हे खरं, १९८९ चा आहे, पण तो छोट्या हवाबंद पेटीत. आपल्या घरात दार उघडलं, खिडकी उघडली की हवा बदलते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला तर खिडकीच्या बरोबरीनं हवा साफ करायला दर चौरस मीटरला कमीत कमी दहा अन् जास्तीत जास्त हजार झाडं लागतील असं निघालं. मग झोपायचं कुठं? सकाळ-संध्याकाळ खिडकी उघडा, झाड एक ठेवा, आवडते म्हणून ठेवा.

दिशा : जिकडून उजेड येते ती. फ्रिजवर अन् शोकेसमध्ये कोणतीच दिशा चालत नाही.

प्रश्न : तीन वर्षांपासून हावर्थिया आहे, पांढऱ्या पट्ट्यांचं. तेवढंच आहे. मोठी कुंडी करू का? पावसाळ्यात बाहेर ठेवू का, तेवढीच हवा लागेल.
(मूल, जि. चंद्रपूर)

तीन वर्षं घरात जिवंत आहे, पट्टे स्वच्छ दिसून राहिले, पानं घट्ट आवळलेली आहेत, तुम्ही यात बदल कशाला करून राहिले? हे झाड दक्षिण आफ्रिकेत झुडपांच्या सावलीत, दगडाच्या आडोशाला मुठीएवढं राहते, मोठं होणं त्याच्या स्वभावात नाही. पिल्लं बाजूला येतील, तीच वाढ. मोठी कुंडी म्हणजे जास्त माती, जास्त माती म्हणजे जास्त ओल, अन् तेवढी ओल प्यायला याची मुळं पुरत नाहीत. कुंडी बदला पण ती त्याच मापाची, फक्त माती नवी, दोन-तीन वर्षांतून एकदा. ते दिवाळीच्या आसपास करा, आता मे-जूनमध्ये नको. बाहेर काढल्यावर काही मुळं वाळकी पोकळ दिसतील, ती जुनी गळतातच, ओढून टाका.

पाने लांबट होऊन, उघडून, रंग फिका पडून झाड उजेडाकडे झुकत असेल तर उजेड कमी आहे एवढं समजा. तेव्हा एकदम उन्हात नेऊन ठेवू नका, एका दिवसात करपते, पांढरे डाग पडतात ते जात नाहीत. आठ-पंधरा दिवस घेऊन एकेक हात खिडकीकडे सरकवा.

पावसाळ्यात बाहेर नाही. तुमच्याकडे झड लागली की चार-चार दिवस थांबत नाही, पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचते अन् मधला कोंबच सडते. ओसरीत, जिथं शिंतोडे येत नाहीत पण वारा येते तिथं. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच एवढी ओली असते की महिन्यातून एकदा पाणी पुरते, कधी तेही नको.

पुढच्या वेळी ज्यांना झाडाचा फोटो पाठवायचा आहे त्यांनी वरून एक, बाजूनं एक अन् कुंडी उलटी धरून बुडाच्या छिद्राचा एक असे तीन पाठवा. ह्या महिन्यात फोटो आलेल्या कुंड्यांपैकी कितीकांना खाली छिद्रच नव्हतं, अन् चहाच्या कपात लावलेल्या एका जेडबद्दल तर मी उत्तरच दिलं नाही, त्याला आधी कपातून काढा, मग लिहा.